तारेतून आलेला निरोप

दुकानात कॉम्प्युटर आला की गुपित राहत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

नव्वदीच्या शेवटी श्रीरामपुरातल्या माझ्या पाण्याच्या मोटरींच्या दुकानात दोन कॉम्प्युटर तारेनं जोडलेले होते. एक काउंटरवर, दुसरा मागं गोदामात धाकट्या भावाकडं. गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही ते तो टाईप करून पाठवायचा. पण त्याच तारेतून जाणारी बिलं मध्येच अडकायची. ती कुठं अडकतात ते शोधायला इंजिनिअर पुतणी कविता तारेतली सगळी ये-जा फाईलमध्ये पकडून बसली होती.

“काका, ही फाईल उलगडणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्राम, फुकट मिळते. लिहिणाऱ्यांनी ती जगाला खुली केलीय.”

“फुकटचा माल आधी चालवून दाखव,” मी म्हणालो.

समोर देवळालीचे अण्णा भाव पाडून मागत होते. “लई सांगताय शेठ.”

“परवडत नाही हो, अण्णा.”

तेवढ्यात कविता आनंदानं ओरडली, “उलगडलं! हा बघा गोदामातला निरोप: ‘दादा, अण्णांची मोटर जळालीय, ऊस वाळतोय. घाईत आहेत, भाव सोडू नको.’”

मला उगाच खोकला आला.

अण्णांनी टोपी सारखी केली. “शेठ, मी घाईत हाय, बहिरा न्हाई. आता खरा भाव बी पोरीलाच वाचू द्या.”