लॅमिनेट केलेली बेसबॉल कार्डं

हसू नका, पण जुनी बेसबॉल कार्डं लॅमिनेट केलेला सिंगापुरात मी एकटाच असेन. म्हणजे मी नाही, बाबांनी केली. मी अमेरिकेत नोकरीला होतो तेव्हापासून एकेक करून जमवलेली, खेळाडूंचे फोटो छापलेली एकतीस कार्डं. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कार्ड पुन्हा सुटत नाही. जमवणाऱ्यांच्या लेखी ते मेलं.

गेल्या वर्षी बाबा पुण्याहून इथे सिंगापुरात, आमच्या बिशानच्या घरी आले होते. मी ऑफिसातून आलो तर खुशीत म्हणाले, "अरे, कोपरे झिजत चालले होते रे त्यांचे. खाली दुकानात जाऊन सगळी लॅमिनेट करून आणली. आता काळजी नको."

माझी दहावीची मार्कशीट, आईचं रेशनकार्ड, त्यांनी सगळं असंच जपलंय. ते मला तेव्हा आठवलं नाही. मी ओरडलो, "वाट लावलीत! माझ्या वस्तूंना न विचारता हात का लावता?"

"मला वाटलं..." एवढंच म्हणाले.

कार्डं गेली ती गेली. यंदा बाबा पुन्हा आलेत. काल पाणी प्यायला उठले, ओट्यावरच्या ग्लासापाशी थांबले आणि मला विचारलं, "हा घेतला तर चालेल ना?"