गार्डेड म्हणजे

—नाही, बस रे, उठू नकोस. डॉक्टर राउंडला आहेत, अर्धा तास तरी मला आत घेत नाहीत. तू समरजीत ना, मुरारच्या शाळेत अकरावीला इंग्रजीला होतास माझ्याकडे — चेहरा लक्षात आहे, मार्क विचारू नकोस. काकू आत आहेत, बारा नंबरला. हृदय — त्याची ताकदच गेलीय म्हणतात.

मागच्या शनिवारी डॉक्टर तिच्या पलंगाशी उभे राहून म्हणाले, प्रोग्नोसिस इज गार्डेड. आणि गेले पुढे. हा शब्द शिकवला होता ना मी तुम्हाला? द फोर्ट इज वेल गार्डेड — म्हणजे पहारा आहे. ही गेव्ह अ गार्डेड रिप्लाय — म्हणजे हातचं राखून बोलला. बत्तीस वर्षं दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. डॉक्टर म्हणतात तेव्हा कुठलं? दुसरं. काही सांगता येत नाही, फार आशा धरू नका. मला तिथल्या तिथे समजलं. आणि सीमंतिनी — तुझी काकू — विचारते, काय म्हणाले हो? इंग्रजी सगळं माझ्यावर सोडलेलं तिने, लग्न झाल्यापासून. मी म्हटलं, गार्डेड म्हणजे तुझ्यावर चोवीस तास पहारा आहे, नजर आहे, काळजी नको. कसं निघालं तोंडातून, मालूम नाही. खरंच मालूम नाही.

मग तिने गरिमाला फोन लावला. गरिमा — आमची मुलगी, बेंगळुरूला असते, दुसऱ्या दिवशी निघणार होती, तिकीट काढलेलं. ही सांगते, अगं, पहाऱ्यात ठेवलंय मला, बाबांनीच सांगितलं, पोरीची परीक्षा सोडून येऊ नकोस, दिवाळीला ये. गरिमाने मला विचारलं, बाबा, खरंच? मी काय सांगणार होतो, ही समोर, माझ्याकडे बघतेय — म्हटलं, हो. एवढंच, हो. बाहेर येऊन परत लावता आला असता फोन, नाही का? आला असता. रोज ठरवतो. हॉस्पिटलबाहेर त्या कंपू नावाच्या चौकापर्यंत चालत जातो, नंबर काढतो, परत येतो. गरिमा आली की हिला कळेल, म्हणून लावत नाही — असं आपलं स्वतःला सांगायचं. पण तसं नाहीये. गरिमाला सांगितलं की ते खरं होणार रे. तोवर ते फक्त डॉक्टर बोललेत.

आज सकाळी नर्सला म्हटलं, बाई, आंटीसमोर तेवढा तो गार्डेड शब्द काढू नका. तर म्हणते, सर, आंटी ने तो सोमवार को ही पूछ लिया था, मैंने बता दिया. सोमवारी. आज गुरुवार. आणि काल दुपारी माझ्यासमोर ही गरिमाला सांगत होती, मजेत आहे, पहारा आहे माझ्यावर. अर्थ मालूम असून. मी खोटा पडू नये म्हणून, दुसरं काय. मला शब्दाने बोलली नाही. आणि झोपेत गरिमाचं नाव घेते, काल दोनदा घेतलं, मी पाणी पाजत बसलो.

आता आत जाऊन मी कुठल्या तोंडाने — नाही, तू नको लावूस, माझं काम आहे ते. लावतो. तुझ्यासमोर लावतो, म्हणजे तरी होईल. हं, वाजतोय.

हॅलो, गरिमा — हो, मीच. हो, जेवलो. आई? आई —

समरजीत, तू जा रे आता.