हाड जुळलं, हात उठेना

(दवाखान्यातली व्यायामाची खोली. भिंतीवर मोठा आरसा.)

फिजिओ: अजून वर घ्या. थांबलात का?

नवरा: एवढाच जातो हो मॅडम. पुढे गाडी अडते.

फिजिओ: गाडी नाही, गाडीवान अडतोय. आठ आठवडे झाले. परवा डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला ना, हाड छान जुळलंय म्हणून?

नवरा: दाखवला. पट्टी दिसली, सात स्क्रू दिसले. त्यातला एखादा निसटला म्हणजे?

बायको: ऐका! मॅडम, हे उतारावर सायकलवरून पडले. गळ्याखालचं हाड मोडून एक तुकडा दुसऱ्यावर चढला, म्हणून ऑपरेशन. तर आत नेताना डॉक्टरांना विचारतात कसे, ‘तुमचे केस कोण कापतं? एक कल्ला खाली आलाय.’

फिजिओ: डॉक्टर अजून सगळ्यांना सांगत फिरतात ते!

बायको: आणि घरी आल्यावर तोच माणूस मुका. हाताची झोळी दोन आठवड्यांत काढायची, यांनी पाच आठवडे मिरवली. सलूनकडे फिरकत नाहीत.

नवरा: जाऊन काय करू? कात्री चालवायची तर कोपर खांद्याच्या वर न्यावं लागतं. गिऱ्हाइकाच्या कानाशीच हात अडकला तर?

फिजिओ: दुखतंय?

नवरा: नाही.

फिजिओ: मग?

नवरा: भीती वाटते. झालं समाधान? हसा आता.

बायको: हसतंय कोण? मॅडम, ही खुर्ची घेऊ? पिशवीत यांची कात्री आणलीय. फणीपण.

नवरा: अगं, इथे?

बायको: अख्ख्या जगाचे केस कापलेत, एकवीस वर्षांत माझे कधी कापलेत? ही सोडली वेणी. खांद्यापर्यंत करा.

नवरा: एवढे लांब केस! वेड लागलंय का?

बायको: नसेल जमत तर मीच कापते. ही बघा—

नवरा: ए, ए! कात्री अशी धरतात होय? आण इकडे. नीट बस. मॅडम, तो पडदा जरा सारता? उजेड हवा.

बायको: हळू हं.

नवरा: तू बोलू नकोस, रेघ चुकते. केस काय दाट आहेत गं तुझे... थांब, हा वरचा थर उचलून धरतो. हं. असं.

फिजिओ: ताई, आरशात बघा.

बायको: बघतेय.

नवरा: काय बघताय दोघी? डावीकडे जास्त गेले का?

फिजिओ: केस नाही हो. स्वतःचं कोपर बघा.

नवरा: ...अरेच्चा!

बायको: खांद्याच्या वर आहे. चांगलं वीतभर.

नवरा: मला कळलंच नाही गं.

बायको: अहो, डोळे पुसा आधी. कात्री आहे हातात.

नवरा: हलू नकोस. मागची बाजू राहिलीय अजून.