ऊ फो टिनच्या टाचा

“कुणाला पटणार नाही, पण गेल्या थंडीत माझ्या टाचेच्या भेगेत पालीनं बिऱ्हाड केलं होतं,” पॅगोड्याच्या पायथ्याशी चपला काढत म्हातारा ऊ फो टिन सांगत होता. शेजारची फुलवाली कान देऊन ऐकत होती.

“बाबा, भेगा भरल्याशिवाय अनवाणी चढायचं नाही, असं ठरलंय आपलं,” मुलगी मा न्वे म्हणाली.

“भरल्या की. रोज रात्री कोमट पाण्यात पाय, मग तिळाचं तेल नि मेण, वर मोजे. टाच लोण्यासारखी झालीय.”

“मोजे काढून दाखवा.”

“दाखवतो कशाला, चढतोच. तुझ्या आईच्या नावाचा दिवा मीच लावणार.”

मोजे खिशात कोंबून तो तरातरा चढू लागला.

“आजोबा,” फुलवालीनं हाक मारली, “पांढऱ्या पायऱ्यांवरचे हे लाल ठसे पालीचे का?”