सुतकातला मोगरा

माझं म्हायेर अंतरवाली सराटीच्या अंगाचं, समदं कोरडवाहू, तिथं फूल म्हणलं की कापसाचं न्हाई तं करडईचं, दुसरं ठावंच न्हाई. लगीन होऊन हिकडं वडीगोद्रीजवळ आले तं सासऱ्यानं हिरीला पाणी लागलं म्हणून अर्धा एकर मोगरा लावलेला. काय सांगू तुम्हाला बाई, लोकांना वाटतं मोगऱ्यावाल्याच्या घरी काय वास, काय मजा. आवं, आम्ही फूल कधी बघितलंच न्हाई. मोगऱ्याची कळी तोडायची आसती, मिटलेली. तांबडं फुटायच्या आत लागायचं अन् सातच्या गाडीला टोपल्या जालन्याला घालायच्या. तिकडं हारात ती सांजच्याला फुलती. आपल्या बागंत फुलली म्हंजे वाया गेली. कुणाची बाग पांढरी दिसली की सासरा म्हणायचा, ह्यांच्या घरात काय कुणी मेलं का रं?

थोरल्याचं लगीन केलं, सून आली, शांता. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल आसंल. गुणाची पोरगी. मी काय चांगली सासू नव्हते, आता झाकून काय करू. तिचा हात जल्दी चालायचा म्हणून मला बरी वाटायची, एवढंच. तिला दिवस गेले. सातव्यात शेजारणी म्हणल्या डव्हाळजेवण करा, म्या म्हणलं ऐन लग्नसराई हाय, मंग बघू. त्यांनीच तिला इचारलं, काय खावं वाटतं गं, चिंच का कैरी? ती म्हणली, खायाला कायच नको, मला एकदा फुललेल्या बागंतून चालावं वाटतं, आत्याबाई, एकच दिवस कळ्या ठेवा. समद्या हसल्या. मी पण हसले. म्हणलं, तुझ्या बापानं लावली का बाग? बराबर हेच बोलले मी.

आठवा लागला. वैशाखात मोठी लग्नतिथ व्हती, व्यापाऱ्यानं दुप्पट कळ्या सांगितल्या व्हत्या. तोडता तोडता शांता म्हणली, आत्याबाई, पोटात लई दुखून राह्यलं. म्या म्हणलं, तेवढा वाफा उरक अन् मंग बस, गाडी चुकंल. आठव्यात कुठं दुखतंय, नखरे हायेत, आसं वाटलं मला. उरकला हो तिनं वाफा, एक कळी मागं ठेवली न्हाई. टोपल्या गाडीवर चढल्या अन् हिकडं तिच्या अंगावर रक्त गेलं, लुगडं समदं भिजलं. जीपगाडी मिळूस्तोवर ऊन चढलं. अंबडच्या अलीकडंच गेली ती, लेकरू पोटातच राह्यलं. दवाखान्यात डाक्टर म्हणला, तासभर आधी आणायची व्हती. वाफ्याला तासभरच लागल्ता, बाई.

मंग सुतक. सुतकाच्या घरची फुलं देवाला चालत न्हाईत, नवरीला तं बिलकुल न्हाई. व्यापाऱ्याचा निरोप आला, दहा दिवस कळ्या आणू नका. तिसऱ्या दिशी गडीमाणसं राख सावडायला गेल्ती, घरात बाया रडून राह्यल्या व्हत्या, मी भर दुपारची मागच्या दारानं बागंत गेले. समदी बाग पांढरी. वीस वर्षं तिथं वाकले पण आसं एकदा बघितलं नव्हतं. मधमाशा नुसत्या घोंगावून राह्यल्या, वासानं डोकं धरलं, खाली पडलेली फुलं उन्हानं तांबडी झालेली. तिनं मोकळा केलेला वाफा, तो पण भरला व्हता. पायात चप्पल नव्हती, माती तव्यावानी तापलेली. तशीच ह्या बांधापासून त्या बांधापस्तोर चालले, एकेक वाफा करून समदी बाग चालले. चालायचं तिला व्हतं. सासऱ्याचं बोलणं आठवलं, घरात काय कुणी मेलं का. म्या मोठ्यानं म्हणलं, व्हय, म्या मारलं. आईकायला कुणी नव्हतं.

अकराव्या दिशी परत टोपली घेतली, पोट हाय ना. थोरल्याचं दुसरं लगीन झालं, आता तो जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात जातो. दुसऱ्या सुनेला दिवस गेले तवा मी रोज इचारायची, अगं माग काईतरी, काय खावं वाटतं, कुठं जावं वाटतं, तू म्हणशील तं बाग आठ दिवस फुलू देते. ती मान खाली घालून म्हणायची, कायच नको, आत्याबाई. गावानं सांगितलं आसंल तिला. दोन लेकरं झाली, दोन्ही टायमाला तेच, कायच नको.

तुमची सून येईल, बाई, सुखानं नांदंल, तिला मागू द्या. माझ्यापाशी आता कुणी काय मागत न्हाई.