बिनअधिकाराची अध्यक्षीण

…नाही, पण मला एक सांगा, तालमीची अध्यक्ष कोण? मी! मग माझ्याच अभ्यासिकेच्या खिडकीखाली हलगी वाजते आणि मी खुर्चीवरून वीतभर उडते, हे कुठल्या कायद्यात बसतं? उडतेच हो मी, लहानपणापासून तशीच, कुकरच्या शिट्टीला उडते, रिक्षाच्या हॉर्नला उडते, आई मागून 'चहा घे' म्हणाली तरी हातातलं पुस्तक माळ्यावर! आणि मला व्हायचंय न्यायाधीश! परीक्षा तोंडावर आलीय, घरी टीव्ही, पाहुणे आणि मिक्सर, शांत जागा काय ती तालमीच्या माडीवरची खोली… आणि खाली हलगीपथकाचा सम्राट आणि त्याची पोरं, तडतड तडतड! बंद करा म्हणावं, तर तालमीच्या नियमांनी तेही म्हणता येत नाही. घटना माझीच ना!

तुम्हाला सांगते, हे सगळं सुरू झालं हंबीररावमामांपासून. मामा आमच्या पेठेच्या तालमीचे (तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, गणपतीपासून फुटबॉलपर्यंत सगळं तिथंच) अध्यक्ष, मी जन्मायच्या आधीपासूनचे, आणि कारभार कसा, तर मिशीला पीळ बसला की निर्णय झाला. 'ए पोरींनो, खोली रिकामी करा, गणपतीचं सामान ठेवायचंय!' की आम्ही पुस्तकं छातीशी धरून जिन्यात. का म्हणून विचारलं तर? 'मी म्हणतोय म्हणून! अध्यक्ष कोन हाय?' एकदा तर तालमीचा संघ फुटबॉलची मॅच हरला म्हणून अभ्यासिकेला कुलूप! आता गोलकीपरनं सोडलेल्या गोलाचा आणि माझ्या फौजदारी कायद्याचा संबंध काय? पण विचारणार कोण… मी? मी मामांच्या शिंकेला घाबरते!

मग तालमीला नवी घटना हवी असं ठरलं आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे, 'पूर्णिमा वकिली शिकलीया, ती लिवंल की!' आणि लिहिली हो मी! बोलताना ततपप, पण कागदावर अशी वाघीण… एकेक कलम लिहिताना डोळ्यांपुढे मामांची मिशी! कुठल्याही सभासदाला अध्यक्ष मर्जीनं आवारातून हटवू शकणार नाही. तक्रारीचा निवाडा वडीलधाऱ्यांची समिती करेल आणि त्या समितीला अध्यक्ष काढू शकणार नाही. सभासदांचे हक्क कमी करायला साधं बहुमत पुरणार नाही! मामा म्हणाले, 'मग अध्यक्षानं करायचं काय गं? नुसता नारळ फोडायचा?' मी भीत भीत म्हटलं, 'मामा, सत्ता कुणाच्याही हातात गेली तरी माणसं सुरक्षित राहावीत, म्हणून तर घटना असते.' काय टाळ्या पडल्या! आणि त्या टाळ्यांच्या भरात मलाच अध्यक्ष केलं की हो त्यांनी!

पहिल्याच आठवड्यात हलगी. जिन्यातून खाली गेले, आवाज जमेल तेवढा जाड केला, 'सम्राट, सराव बंद! अध्यक्षांचा आदेश आहे!' सम्राट गालात हसला. 'आक्का, तुमीच लिवलंय न्हवं? मर्जीनं हटवता येत न्हाई.'

'अरे, पण ते… ते आम्हा मुलींसाठी लिहिलं होतं!'

'मग आमी सभासद न्हाई व्हय?'

आले तशीच जिना चढून वर. घटना माझीच ना!

गेले निवाडा समितीकडे. समितीत मुख्य कोण? आमचे आण्णा! माझे सख्खे वडील! म्हटलं, झालं काम. तर आण्णा चष्मा पुसत म्हणतात, 'बोला, अध्यक्ष.' अध्यक्ष! ज्यांनी मला सायकल शिकवली, ते! दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल काय, तर सराव बंद करायचा अधिकार अध्यक्षांना नाही. फक्त दिवेलागणीला हलगी थांबवायची, हक्काला एवढं वाजवी बंधन चालतं. 'आण्णा, अहो, माझी परीक्षा!' तर म्हणाले, 'घरी बाप हाय, हितं समिती हाय. मला काढता येतंय का तुला? न्हाई न्हवं? मग गप बस.'

राहता राहिला एकच उपाय, अध्यक्षाला मर्जीनं हटवता यावं अशी घटनादुरुस्ती! हलगीवाली पोरं इचलकरंजीला मिरवणुकीत वाजवायला गेली, त्याच दिवशी सभा ठेवली… मग! तेवढं राजकारण मलाही येतं! हात वर होतायत, होतायत, आणि तेवढ्यात मागून मामा उठले. मी उडालेच.

'माझा इरोध हाय! अध्यक्षाची मर्जी चालायची न्हाई, ह्योच ह्या घटनेचा गाभा. त्यालाच हात घातलासा, तर मी काय वाईट हुतो?'

म्हटलं, 'मामा, तुम्ही कधीपासून घटनेच्या बाजूनं?'

'खुर्ची गेल्यापासनं! खालनं लई झ्याक दिसती बघ ही घटना!'

झालं! वर गेलेले हात पटापट खाली. तेजस्वीचासुद्धा, माझी जिवाची मैत्रीण, माडीवर माझ्याच शेजारी बसून वाचणारी! कानात म्हणते, 'उद्या दुसरा कुणी आला, तर आपल्यालाच हटवेल गं.' आणि वाईट काय माहितीय? बरोबर होतं तिचं. घटना माझीच ना!

शेवटी राजीनामा दिला. तर राजीनामा सभेनं मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही, कुणी रुसून मध्येच सोडून जाऊ नये म्हणून… हो, तेही मीच लिहिलेलं! एकमतानं फेटाळला. मामांनी तर डोक्यावर हात ठेवला माझ्या, 'सोडू न्हको, पोरी. इतकी वर्सं तालीम बघतोय, पर काईच करू न शकणारा इतका चांगला अध्यक्ष पयल्यांदाच गावलाय!'

काय करणार… वाकून नमस्कार केला. तेवढ्याला समितीची परवानगी लागत नव्हती.