गायकाचं पान

हा गायक लागला की मला सिंगापुरात यिशुनला राहणाऱ्या माझ्या मित्राची, शिरीषची आई आठवते. पुण्यात असताना शिरीषच्या थोरल्या भावाने, दादाने, याच्या कॅसेटी आणून आम्हा सगळ्यांना वेड लावलं होतं. गिटारवर स्वतःची गाणी हळू आवाजात म्हणणारा हा ब्रिटिश मुलगा ऐन तरुणपणी गेला. गोळ्या जास्त झाल्या. मुद्दाम की चुकून, हा वाद तिकडे अजून मिटलेला नाही.

दादाही पुढे तसाच गेला. त्याच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. गायकावरून मात्र मी आणि शिरीष तावातावाने भांडायचो.

गेल्या पितृपक्षात लिटल इंडियातून केळीची पानं घेऊन मी शिरीषच्या फ्लॅटवर पोचलो, तर पुन्हा तेच.

"चुकूनच रे. नवीन गाणी लिहीत होता तो," शिरीष म्हणाला.

"तपासणीत तर मुद्दाम घेतल्या असंच ठरलंय," मी म्हटलं.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. "दादाला आवडायचा तो. यंदा त्या गायकाचंही पान वाढायचंय मला. अपघाती गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात, ती उद्याच आहे. तो कसा गेला, एकदाचं ठरवा बघू."

 मग शिरीष म्हणाला, "आई, खरं कुणालाच माहीत नाही."

"मग सर्वपित्री अमावास्येला वाढू. त्या दिवशी कसा गेलास म्हणून कुणी विचारत नाही."

"दादाचं पानही म्हणूनच त्या दिवशी वाढतेस?" शिरीषने विचारलं.

"हो," काकू म्हणाल्या. "दोघांची पानं शेजारी शेजारी मांड."